वरची रत्नागिरी, खालची रत्नागिरी

रत्नागिरीला येणारा पाहुणा दोन दिवसांत तीन समुद्र पाहतो. मांडवीचा काळ्या वाळूचा, मुरुगवाड्याकडचा पांढरा आणि खाडीच्या पुलापलीकडचा भाट्याचा. मग तो रत्नदुर्गावर जाऊन भगवतीचे दर्शन घेतो, टिळकांचे जन्मस्थान पाहतो, थिबा राजाच्या राजवाड्यासमोर छायाचित्र काढून घेतो, आणि आरे-वाऱ्याच्या रस्त्याने गणपतीपुळ्याकडे निघताना हमखास म्हणतो, "इथं एक छोटंसं घर असावं बुवा!" गेल्या वीस वर्षांत हे वाक्य मी इतक्या मंडळींच्या तोंडून ऐकले आहे की, हल्ली पाहुण्यांच्या चेहऱ्यावरूनच ते केव्हा येणार हे मला कळते. फक्त 'इथं' म्हणजे नेमके कोठे, हे कोणी सांगत नाही. त्यांना सांगण्याचे कारणही नाही. त्यांची गाडी रात्रीची असते.

आम्हाला मात्र यंदा ते ठरवावे लागले. गेली सोळा वर्षे आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो. घरमालकीणबाई मोठ्या सज्जन. त्यांच्या पश्चात मुलांनी ते कौलारू घर उतरवून तेथे इमारत उभी करायचे ठरवले आणि आम्हाला दिवाळीपर्यंतची मुदत दिली. घर त्यांचे होते, तेव्हा त्यात तक्रार करण्यासारखे काही नाही. पण माझे वय सेहेचाळीस. महाविद्यालयातली नोकरी साठाव्या वर्षी संपते; म्हणजे बँक फार तर चौदा वर्षांचे कर्ज देणार, आणि तेही एकदाच. माझा भविष्यनिर्वाह निधी, सौ.च्या शाळेच्या पतपेढीतली ठेव आणि आईने पाटल्या मोडून बाजूला ठेवलेली रक्कम, एवढी आमची पुंजी. ती एकदा ओतली की ओतली. घरात माणसे पाच आणि मते सहा. सहावे मत माझेच दुसरे.

रत्नागिरी हे मुळात दोनमजली शहर आहे, हे पाहुण्यांच्या ध्यानात येत नाही. खालचा मजला समुद्र आणि खाडी यांना लागून: मांडवी, राजिवडा, मिरकरवाडा, पेठकिल्ला, झाडगाव, टिळक आळी, राम आळीचा बाजार. येथे माड, विहिरी, जांभ्याचे गडगे, अरुंद गल्ल्या आणि अंगणातून अंगणात जाणाऱ्या वाटा. वरचा मजला म्हणजे सडा. मारुती मंदिरापासून पुढे शिवाजीनगर, साळवी स्टॉप, नाचणे आणि थेट कुवारबाव, खेडशीपर्यंत पसरलेला जांभ्याचा कातळ. पूर्वी तेथे पावसाळ्यात गवत आणि उन्हाळ्यात वारा, याखेरीज काही पिकत नसे. आज तेथे इमारती पिकतात. गावात कोणी "खाली जाऊन येतो" म्हणाला, की तो बाजारात निघाला असे समजावे.

शहराने हा जिना कसा चढला, त्याचीही एक गंमत आहे. एके काळी रत्नागिरीचे दार मांडवीला होते. मुंबईची आगबोट येऊन दूर पाण्यात उभी राहायची आणि माणसे पडावांतून किनाऱ्याला लागायची. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे दारच बंद. १८२२ मध्ये जिल्ह्याचे ठाणे बाणकोटहून येथे आले, १८२८ मध्ये वाचनालय निघाले, १८७६ मध्ये नगरपालिका झाली. हे सारे त्या दाराच्या आतले. पुढे मोटारी आल्या, एस. टी. आली. १९९८ साली कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली आणि स्टेशन झाले कुवारबावला, गावापासून सहा-सात किलोमीटर आत. पुढच्या अंगणातले दार असे मागच्या परसात गेले. माणसे दाराच्या बाजूला सरकतात. रत्नागिरी अजून सरकते आहे.

घर शोधणाऱ्याने थिबा राजवाडा अवश्य पाहावा. तो पाहिल्यावर आपली घाई कमी होते. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले आणि १८८६ मध्ये येथे आणून ठेवले. राणी होती, राजकन्या होत्या, नोकरचाकर होते. पण स्वतःचा म्हणावा असा वाडा तयार व्हायला १९१० साल उजाडले. चोवीस वर्षे! आणि मग त्या वाड्यात राजाला राहायला मिळाले अवघी सहा वर्षे. १९१६ मध्ये तो वारला. जागा मात्र नामी. उंचवटा, खाली भाट्याची खाडी, पलीकडे समुद्र. आमच्या चिरंजिवांनी गच्चीकडे बोट करून विचारले, "बाबा, एवढं मोठं घर मिळूनही तो दुःखी का होता?" सहावीतल्या मुलाच्या या प्रश्नावर, 'त्याला जागा निवडता आली नव्हती' एवढेच उत्तर मला सुचले. आज तेथे वस्तुसंग्रहालय आहे.

आम्ही पहिला फ्लॅट पाहिला तो मांडवीजवळ, तिसऱ्या मजल्यावर. हट्ट माझा होता. दार उघडताच समोर समुद्र. दिवाणखान्यात उभे राहिले की भगवतीच्या किल्ल्याचा डोंगर उजवीकडे दिसे आणि संध्याकाळच्या होड्या परतताना दिसत. मी तर मनातल्या मनात लिहिण्याचे टेबल कोठे ठेवायचे हेही ठरवून टाकले. सौ. मात्र समुद्राकडे पाठ करून खिडकीच्या गजांवरून बोट फिरवीत होती. बोटाला तांबूस भुकटी लागली. "घर आहे दहा वर्षांचं, गज आहेत चाळीस वर्षांचे," ती म्हणाली.

खारा वारा लोखंड खातो, हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. स्कूटरचा पत्रा, शिलाई यंत्र, शीतकपाटाची मागची जाळी, सारे तो सवडीने खातो. गिलाव्यात शिरून आतली सळई फुगवतो आणि मग एक दिवस छज्जाचा तुकडा खाली येतो. त्यात पश्चिमेची भिंत. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा सरळ न पडता आडवा येतो. जवळच मालगुंडला जन्मलेल्या केशवसुतांनी नैर्ऋत्येकडल्या वाऱ्याला उद्देशून कविता लिहिली. ती मी वर्गात मोठ्या प्रेमाने शिकवतो. पण त्याच वाऱ्याने भिजलेली भिंत दरवर्षी रंगवायची झाली, तर प्रेमाला थोडी ओहोटी लागेल, असे मला वाटले. जुन्या माणसांनी पश्चिमेला पडवी काढली आणि पावसाळ्यात तिला झाप बांधले, ते काही हौस म्हणून नव्हे.

समुद्राकाठी घर घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात बांधकामावर किनारा नियमनाचे निर्बंध आहेत. ते १९९१ मध्ये आले, २०११ आणि २०१९ मध्ये बदलले. ज्या जुन्या इमारतीत आपण आज शिरतो, ती तीस वर्षांनी नव्याने बांधता येईल का, किती उंच बांधता येईल, हे आजच विचारलेले बरे. आणि समुद्र तरी रेषा पाळतो कोठे? मिऱ्याच्या बाजूला लाटा जमीन खातात म्हणून दगडी बंधारे घालावे लागले आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात एक आख्खे जहाज मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन लागले आणि पुढे कितीतरी पावसाळे तेथेच रुतून होते. ते पाहायला गर्दी व्हायची. घर त्याच्या शेजारी घ्यावे, असे मात्र त्या गर्दीतल्या कोणाला वाटल्याचे ऐकिवात नाही.

मांडवी गेली. माझा चेहरा पडलेला पाहून कन्या म्हणाली, "समुद्र कुठं पळून जातोय बाबा? आपण पाहायला जाऊ की!" बारावीतल्या मुलीकडून असे शहाणपण ऐकावे लागते, हा काळाचा महिमा.

भाट्याचा विचार दोनच दिवस टिकला. पूल ओलांडला की सुरूचे बन, नारळ संशोधन केंद्र, झरी विनायक, आणि पावसच्या रस्त्याची शांतता. एक बिनशेती भूखंड आम्हाला मनापासून आवडला. पण सौ.ची शाळा, मुलीची शिकवणी, आईचे डॉक्टर, सारे पुलाच्या अलीकडे. रात्री-अपरात्री रिक्षा मिळण्याची मारामार. निवृत्तीनंतर पाहू, असे म्हणून परत फिरलो.

आता खालच्या मजल्यावरची दुसरी जागा. ही आईची. टिळक आळीच्या परिसरातले एक जुने घर, निम्मा हिस्सा विकाऊ. आईचे सासर याच भागात. लग्न होऊन आली तेव्हापासून तिची देवळे, तिची भाजीवाली, तिचे वाचनालय आणि तिच्या मैत्रिणी, सारे पायांखालच्या अंतरावर. शिमग्यात श्री देव भैरीची पालखी निघते ती रात्र तिने कधी चुकवली नाही. घर तर असे की, पाहताच माणूस मवाळ व्हावा! चिऱ्याचा चौथरा, शिसवी खांबांची ओटी, माजघरात मे महिन्यातही गारवा, मागे विहीर आणि विहिरीवर रातांब्याचे झाड. आई ओटीवर बसली ती उठेचना.

पण घराला जसे खांब असतात तसे कागदही असतात. मिळकत पत्रिका काढून पाहिली, तर तीवर अकरा नावे. त्यांतली चार कैलासवासी. उरलेल्यांपैकी दोघे मुंबईला, एक नागपूरला, एक परदेशी. वारसनोंदी व्हायच्या होत्या. २००५ च्या दुरुस्तीनंतर लेकींचा हक्क लेकांच्या बरोबरीचा झाला, ही न्यायाची गोष्ट झाली. म्हणजे लग्न होऊन गेलेल्या तीन भगिनींच्या सह्याही हव्यात. विकणारे अण्णा ऐंशीच्या घरातले. ते म्हणाले, "प्राध्यापक, तुम्ही कशाला काळजी करता? सगळे आमचेच आहेत." सगळे आमचेच असतात तेथेच तर सह्या अडतात! आमच्या वकिलांनी हक्कसोडपत्रे, कुलमुखत्यारपत्रे आणि तीस वर्षांचा शोध अहवाल अशी यादी लिहून दिली. बँकेने त्याहून लांब दिली. कोकणात कितीतरी घरे पावसाने पडत नाहीत, ती हिश्श्यांनी पडतात.

तरीही आईसाठी मी ती खटपट करणार होतो. वर्ष लागले असते, मधल्या काळात आणखी एक भाड्याचे घर पाहावे लागले असते, पण करणार होतो. ते थांबवले आईनेच.

झाले असे की, एका संध्याकाळी दिवेलागणीला ती एकटीच त्या आळीत गेली आणि तासाभराने परत आली. चहा घेता घेता म्हणाली, "चौदा घरं मोजली. पाचांत दिवा होता." मग तिने एकेक घर सांगितले. याला कुलूप, मुलगा पुण्याला. त्याला कुलूप, गणपतीत उघडतात. या घरात गोदाम. त्या घरात एकट्या काकू, त्यांना ऐकू येत नाही. "आणि बाकीच्या कुठं आहेत ठाऊक आहे का तुला? सगळ्या तुमच्या त्या नाचण्याला! मुलांनी वर फ्लॅट घेतलेत. मी खाली जाऊन बसू कोणाजवळ? विहिरीजवळ?"

मी काही बोललो नाही. जी आळी तिला हवी होती, ती आधीच जिना चढून वर गेली होती. आम्ही सारे तिच्या वयाची, गुडघ्यांची, पायऱ्यांची काळजी करीत होतो. तिने मात्र उजेडाच्या खिडक्या मोजल्या.

मग आमचा मोर्चा वर वळला. वरच्या रत्नागिरीबद्दल माझे मत फारसे चांगले नव्हते, आणि सगळेच बदलले आहे असेही नाही. एकासारख्या एक इमारती, त्यांची संस्कृतप्रचुर नावे, आणि पावसाळा संपला की सगळ्यांच्या भिंतींवर सारखेच शेवाळ. हा सडा मुळात काय ऐवज आहे, हे रत्नागिरीच्या आसपासच्या सड्यांवर आदिमानवाने कोरलेली कातळशिल्पे पाहिली म्हणजे कळते. त्यांतली काही २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्या माणसांनी हत्ती कोरले, मासे कोरले, पण वस्ती बहुधा पाण्याच्या कडेलाच केली असावी, असा माझा आपला तर्क. कारण सड्यावरचा खरा प्रश्न एकच: पाणी.

जांभा हा दगड सच्छिद्र. एवढा पाऊस पडतो, पण पाणी कातळावर ठरत नाही. भेगांतून झिरपून खाली उतरते आणि पायथ्याच्या विहिरींना मिळते. म्हणून सड्यावरची विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते, आणि खाली वाडीतल्या विहिरीत पोहरा बुडतो. खाडीजवळच्या काही विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, हे त्यातले दुसरे टोक. शहराला शीळ आणि पानवलच्या धरणांचे पाणी आहे; तरी उन्हाळ्यात दिवसाआड नळ येण्याचे प्रसंग नगरपालिकेवर अनेकदा आले आहेत. त्यातून तुमची इमारत पालिकेच्या हद्दीत की ग्रामपंचायतीच्या, हा प्रश्न. रस्त्याच्या एका बाजूला शहर आणि दुसऱ्या बाजूला गाव, असे वर अनेक ठिकाणी आहे. घरपट्टी वेगळी, पाणीपट्टी वेगळी, कचऱ्याची गाडी वेगळी. जाहिरातीत मात्र दोन्हीकडे 'रत्नागिरी शहरात' असेच लिहिलेले असते.

कुवारबावला एक जोडघर पाहिले. नावातच बाव आहे, तेव्हा पाणी असेल, असा विनोद मी केला. एजंट हसला नाही. "सर, पाण्याचं काय टेन्शन घेता? टँकर येतो ना!" तो म्हणाला. स्टेशन जवळ, मुंबईला जाणाऱ्याला सोयीचे. पण आमच्यापैकी मुंबईला जाणारे कोण? वर्षातून दोनदा जाण्यासाठी रोज चौदा किलोमीटरची ये-जा करायची, हे गणित जुळेना. शिवाय मिऱ्या-नागपूर महामार्गाचे रुंदीकरण समोरच, आणि त्याची धूळ थेट ओटीवर.

नाचण्याची पहिली इमारत तर कागदावरच होती. चित्रात उद्वाहन, बाग आणि बागेत चेंडू खेळणारी गोरीपान मुले. 'महारेरा'चा नोंदणी क्रमांक विचारला तर "होऊन जाईल" असे उत्तर मिळाले. २०१७ पासून हा कायदा लागू आहे. क्रमांक नसेल तर पुढचा चहा नाकारावा, हे मी माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगत असतो. दुसऱ्या एका जागी जमीन कुळकायद्यातली निघाली. १९४८ च्या त्या कायद्याने कुळाला मिळालेली जमीन विकताना सरकारी परवानगी लागू शकते, ती लागत असल्यास घेतलेली आहे का, हे सातबाऱ्यावर आणि फेरफारात पाहावे लागते. सातबारा वाचणे हा एक स्वतंत्र साहित्यप्रकार आहे. त्यातल्या 'इतर हक्क' या रकान्यात सगळे नाट्य असते, आणि तोच रकाना लोक वाचत नाहीत.

तिसरी इमारत बारा वर्षांची, तीन मजल्यांची. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, दिवाणखाना, स्वयंपाकघर, आणि पश्चिमेच्या बाजूला सुदैवाने दुसरी इमारत. म्हणजे आडवा पाऊस त्यांनी झेलायचा. आम्ही ती मुद्दाम जुलैत, भर पावसात पाहायला गेलो. घर पाहायचे ते पावसाळ्यात, आणि पाणी विचारायचे ते मेमध्ये. ही रीत मला एका जुन्या गवंड्याने शिकवली. कोपरे कोरडे होते. एका खिडकीखाली ओल होती, ती घरमालकांनी लपवली नाही. मे महिन्यात टँकर किती आले, हे मी त्यांना न विचारता तळमजल्यावरच्या बाईंना विचारले. त्यांनी आढ्याकडे पाहून हिशेब केला. "पंधरा दिवसांत एक. मागल्या साली दोन." नळाची वेळ सकाळची, तळात मोठी टाकी, गच्चीवरच्या पावसाचे पाणी कूपनलिकेत सोडलेले. याहून अधिक सड्यावर मागू नये.

तेवढ्यात जिन्यावर आईच्या नावाने हाक आली. समोरच्या इमारतीतल्या एक आजी छत्री मिटत वर येत होत्या. खालच्या आळीतल्या त्या, पंधरा वर्षांपूर्वी वर आलेल्या. दोघी पायरीवरच बसल्या. आम्ही आत दस्त, खरेदीखत, सोसायटीची थकबाकी, वाहनतळाची जागा असे सगळे बोलून बाहेर आलो, तेव्हा त्या दोघींचे भजनी मंडळाचे वारही ठरून गेले होते. मांडवीच्या फ्लॅटपेक्षा हा खोलीभर लहान आहे. समुद्र दिसत नाही. हवा असेल तर रिक्षा करून जावे लागते.

खरेदीखत सौ.च्या नावे केले. २०२१ पासून स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांकशुल्कात एक टक्का सवलत मिळते. ती मिळाली आणि त्या रकमेत पश्चिमेकडच्या त्या एका खिडकीवर चांगली झडप बसवून घेतली.

आईची एकच शंका उरली होती. रत्नागिरीतल्या बहुतेक इमारतींप्रमाणे याही इमारतीच्या गच्चीवर पावसासाठी पत्रे घातलेले आहेत. मग मे महिन्यात आमसुले, फणसपोळी आणि पापड वाळत घालायचे कोठे? सोसायटीच्या चिटणिसांना तिने पहिल्याच भेटीत हे विचारले. ते बिचारे पाण्याच्या आणि वाहनतळाच्या प्रश्नांची उत्तरे तयार ठेवून आले होते. त्यांनी गच्चीची किल्ली आणवली, आईला हात धरून वर नेले आणि टाकीमागचा, पत्रा न घातलेला एक कोपरा दाखवला. साधारण आठ फूट बाय सहा. आईने तेथे उभे राहून सूर्य कोणत्या बाजूने येतो ते पाहिले आणि विचारले, "इथं आणखी कोणाचं वाळवण असतं का?" समोरच्या आजींचे असते, असे कळले. तेव्हा मंगळवार ते गुरुवार त्यांचे, आणि पुढचे तीन दिवस आमचे, असे ठरले.